जेहान सादात आणि १९७९ चा कुटुंब कायदा : वटहुकमाने आला, कोर्टात पडला, संसदेतून परतला

आफ्रिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या बायकांविषयी मराठीत जे वाचायला मिळतं, त्यात परदेशातली खरेदी, दागिने आणि नवऱ्यानंतर खुर्ची कुणाची यावरून झालेली भांडणं यांचाच भरणा असतो. म्हणून इथे मुद्दाम एका कायद्याचं प्रकरण घेतलं आहे. देश इजिप्त, तो आफ्रिकेत आहे हे आपण भूगोलाच्या पेपरापुरतंच लक्षात ठेवतो. व्यक्ती जेहान सादात, राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या पत्नी, १९७० ते १९८१ या काळात इजिप्तच्या प्रथम महिला.

झालं ते असं. जून १९७९ मध्ये सादात यांनी संसद भरलेली नसताना वटहुकूम काढून मुस्लिम कुटुंब कायद्यात मोठे बदल केले. सरकारदप्तरी तो १९७९ चा ४४ क्रमांकाचा कायदा. लोकांनी त्याला ‘जेहानचा कायदा’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव कायमचं चिकटलं. सहा वर्षांनी सर्वोच्च घटना न्यायालयाने तो रद्द ठरवला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत संसदेने थोडी काटछाट करून बराचसा तोच कायदा पुन्हा आणला. तोवर सादात यांची हत्या होऊन साडेतीन वर्षं उलटली होती आणि जेहान यांच्या हाती कोणतंच पद नव्हतं.

मग बाईंनी केलं ते बरोबर की चूक? दोन्ही उत्तरं देणारे लोक आजही कैरोत सापडतील. मला स्वतःला असं वाटतं की कायद्याच्या मजकुरात फारसं काही वावगं नव्हतं. घोळ झाला तो दुसरीकडेच.

राजवाड्याआधीची जेहान

जेहान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९३३ चा, कैरोतल्या नाईल नदीतल्या रोडा बेटावरचा. वडील इजिप्शियन डॉक्टर, आई शेफील्डची इंग्रज. घरात इस्लाम, शाळा मात्र मिशनऱ्यांची. १९४८ च्या उन्हाळ्यात सुएझला नातेवाइकांकडे असताना अन्वर सादात यांची गाठ पडली. ते तेव्हा नुकतेच तुरुंगातून सुटले होते. ब्रिटिशांच्या बाजूचे मानले जाणारे माजी मंत्री अमीन उस्मान यांच्या खुनाच्या खटल्यात ते आरोपी होते. खिशात पैसा नाही, नोकरी नाही, पहिल्या लग्नाच्या तीन मुली. जेहान यांचं वय पंधरा. मे १९४९ मध्ये लग्न झालं, त्याआधी सादात यांचा पहिल्या पत्नीशी तलाक झाला होता. पुढे तलाक दिलेल्या बायकांच्या हक्कांसाठी नवऱ्याच्या मागे लागणाऱ्या या बाईंचा स्वतःचा संसार कुणाच्या तरी मोडलेल्या संसारानंतर उभा राहिला होता, हे विसरून चालत नाही.

सादात यांच्या आधीचे राष्ट्राध्यक्ष नासर यांच्या पत्नी तहिया लोकांसमोर क्वचितच येत. जेहान यांनी तो पायंडा मोडला. तोही एकदम नव्हे. नवरा राष्ट्राध्यक्ष होण्याआधीच सासरच्या मुनूफिया प्रांतात, तल्ला इथे, त्यांनी शिलाई मशीन आणून गावच्या बायकांसाठी सहकारी केंद्र सुरू केलं होतं. गावी गेल्या की बायका गाऱ्हाणी घेऊन येत आणि त्यातली बरीचशी फिरून फिरून एकाच जागी येत : हातात स्वतःचा पैसा नाही, नवऱ्याने उद्या टाकलं तर जायचं कुठे. पुढे १९७३ च्या युद्धात त्या जखमी सैनिकांच्या इस्पितळांत राबल्या. अपंग झालेल्या सैनिकांसाठी त्यांनी ‘वफा वल अमल’ हे पुनर्वसन केंद्र उभं केलं. लोक त्यांना ‘वीरांची आई’ म्हणू लागले. मुनूफियाच्या प्रांतिक परिषदेवर त्या निवडून गेल्या आणि नंतर तिच्या अध्यक्षही झाल्या. चाळिशी उलटल्यावर, मुलं कॉलेजात असताना, स्वतः कैरो विद्यापीठात नाव घातलं. अरबी साहित्याची पदवी घेतली. १९८० मध्ये त्यांच्या एम. ए. च्या प्रबंधाची तोंडी परीक्षा दूरचित्रवाणीवर दाखवली गेली. टीकाकारांना तो देखावा वाटला. मला विचाराल तर देखावा होताच, पण पास होण्यासाठी अभ्यास करावा लागला तो त्यांनाच.

कलमं

इजिप्तचे कुटुंब कायदे १९२० आणि १९२९ चे. पन्नास वर्षं त्यांना कुणी हात लावला नव्हता. मधल्या काळात बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, त्या डॉक्टर झाल्या, मंत्री झाल्या. पण नवरा मनात येईल तेव्हा तोंडी तलाक देऊ शकत होता आणि तो बायकोला कळवण्याचंही बंधन त्याच्यावर नव्हतं. तलाक झालाय हे बाईला नवऱ्याच्या मृत्यूनंतर, वारसाहक्क मागायला गेल्यावर कळावं, असं घडू शकत होतं.

नव्या कायद्याने तलाकची नोंद आणि बायकोला सूचना बंधनकारक केली. विनाकारण तलाक दिला तर इद्दतीच्या (तलाकनंतर पुनर्विवाहाआधी थांबायच्या) काळातल्या पोटगीखेरीज किमान दोन वर्षांच्या पोटगीइतकी भरपाई ठरवली. मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी बारा वर्षांची होईपर्यंत आईकडे. न्यायाधीशाला योग्य वाटलं तर मुलगा पंधरापर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत. आधी हीच वयं सात आणि नऊ होती. नवऱ्याने बायकोच्या संमतीवाचून दुसरं लग्न केलं तर तेवढ्यानेच पहिलीचं नुकसान झालं असं धरायचं, आणि कळल्यापासून वर्षभरात ती तलाक मागू शकेल. लक्षात घ्या, दुसऱ्या लग्नाला बंदी नव्हती. चार बायकांचा हक्क शाबूत होता. पहिलीला फक्त बाहेर पडायचं दार उघडून दिलं होतं, आणि नुकसान कसं झालं हे कोर्टात सांगत बसायची नामुष्की वाचवली होती.

आणि मग जागेचं कलम.

त्या काळात कैरोत भाड्याची जागा मिळणं म्हणजे मुंबईत पागडीची खोली मिळवण्यासारखंच होतं. भाडी सरकारने गोठवलेली, जुना भाडेकरू मरेपर्यंत जागा सोडायचा नाही, नवी हवी तर मालकाच्या हातावर आधी भलीमोठी रक्कम ठेवायची. भाडेचिठ्ठी नवऱ्याच्या नावावर. तलाक झाला की बाई मुलांना घेऊन माहेरच्या दीड खोलीत, आणि तिच्या जागी त्याच घरात नवी बायको. कायद्याने हा हिशेब उलटा केला. लहान मुलं जिच्याकडे, घर तिच्याकडे. नवऱ्याने तिची दुसरीकडे सोय लावली तरच ते त्याला परत. म्हणजे दुसरं लग्न करायचं तर आधी दुसरी जागा शोधा. सर्वात कडू वाद ज्या कलमांवर झाले त्यातलं हे एक. विरोध करणारे शरियतचे दाखले देत होते, पण माझा समज असा की त्यातल्या पुष्कळांचं पोट दुखत होतं ते घराच्या किल्लीवरून.

सरळ रस्ता आधी करून झाला होता

हा कायदा एका रात्रीत राष्ट्राध्यक्षांच्या शयनगृहात शिजला, हा प्रचार खोटा आहे. अझीझा हुसेन यांच्यासारख्या कुटुंबनियोजनात काम करणाऱ्या कार्यकर्त्या कितीतरी आधीपासून या बदलांचा पाठपुरावा करत होत्या. कायद्याच्या प्राध्यापक आणि समाजकल्याण मंत्री आयेशा रातिब यांनी १९७४ मध्ये सुधारणांचा मसुदा रीतसर पुढे आणला. अझहर या कैरोतल्या इस्लामी विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, मशिदींतून टीका झाली आणि सरकारने मसुदा गुंडाळून ठेवला. रातिबबाईंनी १९७७ च्या जानेवारीत, भाकरीवरची सवलत काढल्याने दंगली उसळल्या तेव्हा, राजीनामा दिला.

राहिला तो एकच दरवाजा, जेहान यांचा. आपण नवऱ्याच्या मागे कसा लकडा लावला हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलेलं नाही. सादात टाळत राहिले, कारण त्यांना अझहरची भीती होती. अखेर अझहरचे प्रमुख आणि मुफ्ती यांची संमती मिळवून मसुदा शरियतच्या चौकटीत बसवला गेला. त्याच वर्षी संसदेत स्त्रियांसाठी तीस जागा राखून ठेवण्याचा कायदाही झाला.

इथवर सगळं ठीक. आता वेळ बघा. २६ मार्च १९७९ ला इस्रायलशी करार. एप्रिलमध्ये सार्वमत, जुनी संसद बरखास्त. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात निवडणुका. २० जूनला वटहुकूम! नवं सभागृह भरायच्या बेतात होतं. ३ जुलैला त्याने वटहुकमावर शिक्काही मारला. म्हणजे जो कायदा पन्नास वर्षं थांबला, त्याला आणखी दोन आठवडे थांबता आलं असतं. सादात यांच्या पक्षाचं बहुमत इतकं भक्कम होतं की विधेयक पडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांना चुकवायची होती ती चर्चा. सभागृहात कुणी मौलवी उठून बोलेल, वर्तमानपत्रात छापून येईल, १९७४ ची पुनरावृत्ती होईल, एवढ्या धास्तीपोटी त्यांनी कायद्याचा पायाच भुसभुशीत ठेवला.

शिवाय इस्रायलचा करार आणि हा कायदा तीन महिन्यांच्या अंतराने आले, तेव्हा एकाचा राग दुसऱ्यावर निघणं अटळ होतं. जुलै १९८० मध्ये कोपनहेगनला संयुक्त राष्ट्रांच्या महिला परिषदेत जेहान बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा अरब प्रतिनिधी सभात्याग करून निघून गेल्या. इजिप्तच्या बायकांना तलाकची नोटीस मिळू लागली, याच्याशी त्या सभात्यागाचा काडीचा संबंध नव्हता.

ज्यांना बरोबर घ्यायला हवं होतं त्या

या प्रकरणाचा मला सर्वात जास्त खटकणारा भाग हा आहे. इजिप्तमधली स्त्रियांची चळवळ प्रथम महिलांनी सुरू केलेली नव्हती. हुदा शारावी यांनी १९२३ मध्येच स्त्रियांची संघटना उभी केली होती. दोरिया शफीक १९५१ मध्ये दीड हजार बायका घेऊन संसदेत घुसल्या होत्या, मतदानाच्या हक्कासाठी १९५४ मध्ये उपोषणाला बसल्या होत्या. १९५६ ला तो हक्क मिळाला. १९५७ मध्ये नासर सरकारने त्याच शफीकबाईंना घरात डांबलं, त्यांचं नाव छापायला बंदी घातली. स्वतंत्र संघटना बंद झाल्या. यापुढे बायकांचं भलं सरकार करील, बायकांनी वेगळं बोलायची गरज नाही, असा एकूण कारभार. सादात यांच्या काळात त्याला जेहान यांचा हसरा चेहरा मिळाला, एवढाच फरक.

नवाल अल सादावी डॉक्टर होत्या, बायकांच्या शरीरावरच्या अत्याचारांबद्दल उघड लिहीत. १९७२ मध्ये त्यांची आरोग्य खात्यातली नोकरी गेली. सप्टेंबर १९८१ मध्ये सादात यांनी दीड हजारांहून जास्त विरोधकांना एकदम उचललं. त्यात कट्टर इस्लामी होते, डावे होते, पत्रकार होते, आणि सादावी व लेखिका लतीफा अल झय्यात याही होत्या. कनातिरच्या तुरुंगात लिहायला कागद मिळत नव्हता, तर सादावींनी भुवया रंगवायच्या पेन्सिलने टॉयलेट पेपरवर लिहिलं. देशात स्त्रियांच्या हक्काचा कायदा दोन वर्षांचा, आणि त्या हक्कांवर सर्वात परखड बोलणारी बाई गजाआड. राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्यातून कुणाला हे विचित्र वाटलं असेल तर ते बाहेर ऐकू आलं नाही.

महिनाभरात, ६ ऑक्टोबर १९८१ ला, लष्करी संचलनात सादात यांना गोळ्या घातल्या गेल्या. जेहान नातवंडांसह तिथेच प्रेक्षकांत होत्या. त्या दिवसापासून ‘जेहानचा कायदा’ पोरका झाला.

४ मे १९८५

या तारखेला घटना न्यायालयाने निकाल दिला. विशेष म्हणजे हे न्यायालय ज्या कायद्याने प्रत्यक्षात आलं तोही १९७९ चाच, सादात यांच्याच सहीचा.

कायदा शरियतविरोधी आहे का, या वादात शिरायची न्यायालयाला गरजच पडली नाही. घटनेचं १४७ वं कलम सांगतं की संसद भरलेली नसताना, अजिबात थांबता येणार नाही अशी परिस्थिती उद्भवली तरच राष्ट्राध्यक्षांनी वटहुकूम काढावा. सरकारचं म्हणणं काय, तर जुने कायदे पन्नास वर्षांचे झाले होते, समाज बदलला होता. न्यायालय म्हणालं, जुना कायदा बदलावासा वाटणं ही आणीबाणी नव्हे. आणि मूळ वटहुकूमच घटनाबाह्य असल्यावर संसदेने मागाहून दिलेल्या मान्यतेने तो शुद्ध होत नाही. निकाल कायद्याच्या दृष्टीने चोख होता. ज्यांनी तो मिठाई वाटून साजरा केला असेल त्यांना मात्र हा बारकावा बहुधा नको होता.

मराठी वाचकाला इथे आपलं १९८५ आठवल्यावाचून राहणार नाही. या निकालाच्या अकरा दिवस आधी, २३ एप्रिलला, दिल्लीत सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने शाहबानोला पोटगी मंजूर केली होती. आपल्याकडे न्यायालयाने दिलं आणि १९८६ मध्ये संसदेने कायदा करून ते पातळ केलं. तिकडे राष्ट्राध्यक्षाने दिलं, न्यायालयाने काढून घेतलं आणि संसदेने बरंचसं परत केलं. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानसभेवर नेला होता, तोही तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्धच. मोर्चा सातच जणींचा होता, पण पुढे कुणी त्याला ‘सरकारी’ म्हणू शकलं नाही.

कैरोत मे १९८५ नंतर जे झालं ते यासाठीच बघण्यासारखं आहे. वकील, पत्रकार, प्राध्यापक अशा बायका स्वतःहून एकत्र आल्या, समिती केली, खासदारांना गाठलं, वर्तमानपत्रांत लिहिलं. जुलैच्या मध्यावर नैरोबीला संयुक्त राष्ट्रांची तिसरी महिला परिषद भरायची होती. तिथे हात हलवत जाणं सादात यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या होस्नी मुबारक यांच्या सरकारला परवडणारं नव्हतं. परिषदेआधी संसदेत चर्चा होऊन १०० क्रमांकाचा कायदा मंजूर झाला. त्यात एक हुशारी होती : तो घटना न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून लागू केला. मधले दिवस कोरे राहिले नाहीत, त्या दिवसांत तलाक मिळालेल्या बायका वाऱ्यावर सुटल्या नाहीत.

किंमत मोजावी लागलीच. नवऱ्याने दुसरं लग्न केलं म्हणजे आपोआप नुकसान, ही तरतूद गेली. आता पहिलीने कोर्टात उभं राहून आपलं आर्थिक किंवा मानसिक नुकसान दाखवायचं, आणि न्यायाधीशाला पटलं तर तलाक. नोंद, सूचना, भरपाई, मुलांचा ताबा, घर, हे सगळं थोड्याफार फरकाने टिकलं. संसदेतल्या राखीव तीस जागा मात्र १९८६ मध्ये गेल्या, आणि त्यांच्यासाठी कुणी रस्त्यावर आलं नाही.

या सगळ्यात नव्या प्रथम महिला सुझान मुबारक सुरुवातीची वर्षं मागेच राहिल्या. जेहान यांच्यावर झालेली चिखलफेक त्यांनी पाहिली होती. (योगायोग असा की सुझान यांची आईही ब्रिटनचीच, वेल्सची.) पण नव्वदच्या दशकात त्याही त्याच वाटेने आल्या. २००० मध्ये मेहेर परत करून बायकोला स्वतःहून तलाक घेता येईल असा ‘खुला’चा कायदा झाला. २००९ मध्ये संसदेत स्त्रियांसाठी चौसष्ट जागा राखल्या गेल्या. २०११ च्या जानेवारीत तहरीर चौक पेटला, मुबारक गेले, आणि काही दिवसांतच ‘सुझानचे कायदे रद्द करा’ अशी मागणी सुरू झाली. चौसष्ट जागा त्याच वर्षी उडाल्या. ‘खुला’ वाचला, कारण तोवर हजारो बायकांनी तो वापरला होता आणि कौटुंबिक न्यायालयांत तो रोजच्या कामाचा भाग झाला होता.

जेहान यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ‘तुम्ही लोकांमधून कायदा का आणला नाही?’ हे त्यांना विचारणं सोपं आहे. १९७४ ला तो लोकांमधून आणण्याचाच प्रयत्न झाला होता आणि फसला होता. त्या गप्प बसल्या असत्या तर १९८५ मध्ये न्यायालयाला पाडायला आणि बायकांना परत मागायला काही उरलंच नसतं. सहा वर्षं नोटीस, भरपाई आणि घर मिळाल्यावर ते गमावण्याचा राग येतो, न मिळालेल्या गोष्टीचा तेवढा येत नाही. माझा आक्षेप त्यांच्या आग्रहावर नाही. नवऱ्याला एवढं पटवता येत होतं, तर शफीक आणि सादावी यांच्यासारख्यांची तोंडं उघडू द्या हेही पटवून पाहायला हवं होतं. शफीक यांनी तर एकांतवासातच १९७५ मध्ये बाल्कनीतून पडून प्राण गमावले. तेव्हा देशाच्या प्रथम महिला जेहानच होत्या.

जेहान पुढे अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवत राहिल्या. ९ जुलै २०२१ ला त्या कैरोत वारल्या. सरकारने त्यांना लष्करी इतमामात निरोप दिला. इजिप्तमध्ये एखाद्या स्त्रीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. कैरोतल्या एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नावही दिलं. त्याच वर्षी कुटुंब कायद्याचा एक नवा सरकारी मसुदा बाहेर फुटला होता आणि त्यात बायकांचे हक्क आणखी आवळल्याचं दिसताच समाजमाध्यमांवर ‘पालकत्व माझा हक्क’ अशी मोहीम उभी राहिली होती. तिच्यामागे कुठलीच प्रथम महिला नव्हती. मुलांच्या ताब्याचं वय २००५ पासून मुलगा-मुलगी दोघांनाही पंधरा झालं आहे. नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाने आपलं नुकसान झालं हे सिद्ध करायचं ओझं मात्र १९८५ च्या तडजोडीत पहिल्या बायकोच्या डोक्यावर आलं, ते काही उतरलं नाही.